दहा पौंडांचे युग : मराठी वृत्तसंपादकांस खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिके आणि बातम्यांची संकेतस्थळे यांचे वृत्तसंपादक, उपसंपादक व भाषांतरकार यांस,

स. न. वि. वि.

मी निवृत्त मुद्रितशोधक. जवळपास चाळीस वर्षे गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफे तपासली. आधी खिळ्यांची, मग ऑफसेटची, शेवटी शेवटी संगणकाची. नजर अधू झाली तरी खोड जात नाही. वर्तमानपत्र उघडले की बातमीआधी चूक दिसते. पण हे पत्र शुद्धलेखनाबद्दल नाही. ते लिहायला घेतले तर तुम्हाला पुरवणी काढावी लागेल. हे पत्र एका शब्दाबद्दल आहे : 'कॅरोलियन'.

ब्रिटनची राणी दुसरी एलिझाबेथ ८ सप्टेंबर २०२२ रोजी गेली. सत्तर वर्षे राज्य करून गेली. तिचा मुलगा त्र्याहत्तराव्या वर्षी तिसरा चार्ल्स म्हणून गादीवर आला आणि तिकडच्या इंग्रजी पत्रांतून लगेच चर्चा निघाली, की एलिझाबेथन युग संपले, आता कॅरोलियन युग सुरू झाले. चार्ल्सचे लॅटिन रूप कॅरोलस, त्यावरून हे विशेषण. तिथवर ठीक. त्यांचा राजा, त्यांची गादी, त्यांचे लॅटिन. पण परवा एका मराठी लेखात 'कॅरोलियन युगाची वाटचाल' असा मथळा वाचला. कंसात खुलासा नाही, तळटीप नाही. शेजारच्या गृहस्थांना दाखवला तर ते म्हणाले, "गुडघ्याला लावायचे मलम आले का नवीन?"

माझी विनंती एवढीच, की हा शब्द मराठीत असा फुकटात आत घेऊ नका. आपल्याकडे त्यासाठी साधा, पुरेसा शब्द आहे : कारकीर्द. 'तिसऱ्या चार्ल्सची कारकीर्द' लिहा, कुणालाही कळेल. आणि 'युग' म्हणायची घाई का करू नये, ते थोडे सविस्तर सांगतो. माणूस रिकामा आहे, पत्र लांबेल.

मराठीत आपण दोन गोष्टी नीट वेगळ्या ठेवल्या आहेत. शक ही एक आणि युग ही दुसरी. शक राजा स्वतः सुरू करतो, पहिल्या दिवशी, ब्राह्मण-कारकून-टांकसाळ सगळ्यांना सांगून. युग मात्र कुणी सुरू करत नाही. ते संपल्यावर, किंवा संपत आले की, मागे राहिलेली माणसे त्याला नाव देतात. ते नाव कौतुकाचे निघेल की शिवीचे, हे राजाच्या हातात नसते. मोगलांनी आपल्या राज्याला काय काय भव्य म्हटले असेल. मराठीत उरले काय? "इथे काय मोगलाई लागून गेलीय?" बाजीरावाचे नाव थाटाला चिकटले. शिवशाहीचा अर्थ न्यायाचे राज्य असा झाला, तो एसटीच्या वातानुकूलित गाडीवर रंगवला गेल्यावरही पुसला गेला नाही, हे विशेष.

पहिल्या दिवशी नाव द्यायचे असेल तर ते जपानसारखे द्यावे. तिथे १ एप्रिल २०१९ रोजी मुख्य कॅबिनेट सचिव योशिहिदे सुगा यांनी पत्रकारांसमोर पाटी धरली, तिच्यावर दोन अक्षरे : 'रेइवा'. 'मान्योशू' या जुन्या जपानी काव्यसंग्रहातून निवडलेली. महिन्याने, १ मे रोजी, नारुहितो गादीवर आले आणि रेइवा पहिले वर्ष लागले. हा शक आहे, युग नव्हे. सरकारी कागदावर, परवान्यावर वर्ष लिहायची सोय. नावात असते ती इच्छा. याचा पुरावाही जपाननेच दिला आहे. १९२६ साली हिरोहितो आले तेव्हा नाव ठेवले 'शोवा', म्हणजे साधारण उजळलेली शांतता. त्याच शोवाच्या विसाव्या वर्षी हिरोशिमा आणि नागासाकी.

ब्रिटनमध्ये शकासारखी एक गोष्ट होती. तिथले कायदे राजाच्या कारकिर्दीच्या वर्षाने ओळखले जात, अमुक राजाचे इतकावे वर्ष, प्रकरण इतके. १९६३ पासून त्यांनीच ती पद्धत सोडली आणि साधे इसवी सन घेतले. म्हणजे ज्यांनी राजाच्या वर्षांनी मोजणे बंद केले, तेच आता राजाच्या नावाचे युग पहिल्या आठवड्यात जाहीर करायला निघाले.

आणि ज्या नावाने निघाले ते कोरे नाही. 'कॅरोलियन' हा शब्द इतिहासाची पुस्तके आधीच वापरतात, दुसऱ्या चार्ल्सच्या काळासाठी, १६६० ते १६८५. (पहिल्या चार्ल्सच्या काळाला ते 'कॅरोलाइन' म्हणतात. त्याचे डोके १६४९ साली उडवले. मुलाने अकरा वर्षांनी परत येऊन गादी घेतली, पण वर्षे मोजली ती बापाच्या मृत्यूपासून, म्हणून १६६० हे त्याच्या कारकिर्दीचे पहिले नव्हे, बारावे वर्ष ठरले. मधली वर्षे मुद्रितशोधकाने गाळून टाकावीत तशी गाळली.) तेव्हा मराठी वाचकापुढे 'कॅरोलियन' ठेवायचे असेल तर त्याला आधी हे सांगा, की पहिल्या कॅरोलियन युगाने त्याच्या गावाचे काय केले.

कारण त्या युगाची पावती मुंबईच्या नावावर आहे. १६६१ च्या तहाने पोर्तुगालच्या राजाने आपली बहीण कॅथरीन दुसऱ्या चार्ल्सला द्यायचे ठरवले आणि लेकीला परकर-पोलके द्यावे तशी तिच्याबरोबर टँजियर आणि मुंबई आंदण दिली. इकडे गोव्यातल्या पोर्तुगीज विजरईला, म्हणजे व्हाइसरॉयला, ते मान्य नव्हते. ताबा घ्यायला आलेले इंग्रज सैनिक किनाऱ्यावर तंगून राहिले आणि शेवटी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसले. त्यांचा प्रमुख अब्राहम शिपमन तिथेच मेला, शेकडो शिपाई तापाने मेले. उरलेल्यांच्या हाती मुंबई आली ती १६६५ मध्ये. एवढे झाल्यावर राजाच्या लक्षात आले, की हे आंदण त्याला परवडत नाही. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. भाडे : वर्षाला दहा पौंड, सोन्यात. सनदेत असेही लिहिले, की मुंबईची जमीन ईस्ट ग्रिनिचच्या जहागिरीतली असल्याप्रमाणे धरावी. म्हणजे कागदोपत्री माझे गिरगाव काही काळ लंडनजवळच्या एका खेड्याचा भाग होते. वर्षाला दहा पौंडांत अख्खे बेट. गिरगावात आज खोली भाड्याने बघणाऱ्याला हे सांगू नका.

आता गंमत बघा. त्याच कॅरोलियन युगात, इथून फार लांब नाही अशा जागी, एका नव्या राजाने आपला शक सुरू केला. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, आनंदनाम संवत्सर. ६ जून १६७४. रायगडावर शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक करवून घेतला आणि त्या दिवसापासून 'राज्याभिषेक शक' चालू केला. राज्यव्यवहारातले फारसी शब्द बदलायला राजव्यवहारकोश करवला, तांब्याची शिवराई आणि सोन्याचा होन पाडला. दुसरीकडे दिल्लीचा बादशहा आपल्या नाण्यांवर जुलूसची, म्हणजे गादीवर बसल्यापासूनची, वर्षे मोजत होता. नवा बादशहा आला की पुन्हा एकपासून मोजणी. महाराजांचा शक तसा नव्हता. ते १६८० साली गेले, संभाजीराजे आले, राजाराम महाराज आले, शाहू महाराज आले, आकडा पुढे जात राहिला. पेशवाईतल्या कागदांवरही तो भेटतो. माणसाचे वय मोजणारा नव्हे, राज्याचे वय मोजणारा शक होता तो. नाहीतर राजांनी शक काढण्याचे प्रयत्न आपल्याकडे कमी नाहीत. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याने १०७६ मध्ये जुना शक बाजूला सारून स्वतःचा काढला. शंभरेक वर्षांत तो विरून गेला आणि शालिवाहन शक होता तिथे राहिला.

या राज्याभिषेक शकाशी माझे एक जुने लचांड आहे, ते कबूल केले पाहिजे. एका दिवाळी अंकातल्या लेखात लेखकाने 'इ. स. १६७४' लिहिले होते. जुळारीने चुकून 'शके १६७४' लावले. मी प्रुफावर सही करून दिली, अंक छापून गेला. शके १६७४ म्हणजे इसवी १७५२. पंधरा दिवसांनी साताऱ्याहून पोस्टकार्ड आले, वळणदार मोडीसारख्या अक्षरात : "महाराजांचा राज्याभिषेक नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत झाल्याचे आपल्या अंकावरून समजले. पौरोहित्य कोणी केले, तेही कळवावे." ते कार्ड मी अजून ठेवले आहे. तेव्हापासून शक, सन आणि युग हे शब्द दिसले की पेन आपोआप उघडते.

रायगडावरच्या त्या सोहळ्याला मुंबईहून इंग्रजांचा वकील गेला होता, हेन्री ऑक्झेंडन. दुसऱ्या चार्ल्सची प्रजा, कंपनीचा नोकर. सिंहासनाच्या एका बाजूला भाल्यांवर सोन्याची माशांची तोंडे, दुसऱ्या बाजूला घोड्यांची शेपटे, आणि न्यायाची खूण म्हणून सोन्याचा तराजू, असे त्याने टिपून ठेवले. एवढ्या उंचावर हत्ती कसे चढवले याचेही त्याला नवल वाटले. पण तो फक्त तमाशा बघायला आला नव्हता. राजापूरच्या वखारीची भरपाई आणि व्यापाराचा तह ही त्याची खरी कामे. तहाच्या मसुद्यात इंग्रजांचे एक कलम होते : त्यांची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. महाराजांकडून उत्तर आले ते मला फार आवडते. आम्ही कुठल्याच नाण्याला बंदी करत नाही, तेव्हा कलम घालण्याची गरज नाही. पण रयतेचा तोटा होईल असे नाणे घ्या, अशी जबरदस्तीही आम्ही करणार नाही. तुमचे नाणे इतर राजांच्या नाण्यांसारखे कसाचे आणि वजनाचे असेल तर ते चालेल.

युगाच्या नावाचेही असेच आहे, संपादक महाशय. तहात कलम घालून ते चालत नाही.

इंग्रजांच्याच इतिहासात बघा ना. 'व्हिक्टोरियन' चालले, कारण त्याला त्रेसष्ट वर्षांचे वजन होते आणि आगगाड्या, कारखाने, कादंबऱ्या, ढोंग, धर्म सगळे त्या एका शब्दात मावले. 'जॉर्जियन' चालले, पण ते पहिल्या चार जॉर्जांचे, १७१४ ते १८३०. त्यांच्यामागून आलेल्या चौथ्या विल्यमने सात वर्षे राज्य केले, त्याचे युग कुणी ऐकले आहे का? पाचव्या जॉर्जच्या काळात पहिले महायुद्ध झाले, १९११ चा दिल्ली दरबार झाला, आपल्याकडे त्याच्या आगमनाचे गेटवे ऑफ इंडिया उभे राहिले. तरी त्याच्या नावाचे युग नाही, लोक 'दोन युद्धांमधला काळ' म्हणतात. याउलट सातवा एडवर्ड १९१० मध्ये गेला तरी 'एडवर्डियन' काळ लोकांनी १९१४ पर्यंत ताणला, कारण बदल झाला तो युद्धाने, राजाच्या मरणाने नव्हे.

या एडवर्डचा तर आमच्या मुंबईने सोक्षमोक्षच लावला. तो युवराज असताना आला होता, त्याची आठवण म्हणून सॅसूनशेठने त्याचा अश्वारूढ पुतळा बसवून दिला. लोकांनी नाव ठेवले : काळा घोडा. वर बसलेल्याकडे कुणी बघितलेच नाही. १९६५ साली पुतळा उचलून राणीच्या बागेत नेला, तरी चौकाचे नाव काळा घोडाच. पुढे २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला तो बिनस्वाराचा. परळच्या केईएमच्या दारात उभे राहून विचारा, यातला 'ई' कोण? लंडनने त्याच्या नावाने एक काळ ठेवला, मुंबईने त्याचा घोडा ठेवून घेतला.

आणि व्हिक्टोरियाचे नाव आपल्याकडे चालले, तेही आपल्या कसाने. राणीछाप रुपया, राणीची बाग, व्हिक्टोरिया टर्मिनस, आणि रस्त्यावरून टापा वाजवत जाणारी व्हिक्टोरिया गाडी. पण तिच्या युगाच्या मराठी आठवणी वेगळ्या आहेत. १८७७ च्या दिल्ली दरबारात, दख्खनेत दुष्काळ असताना, सार्वजनिक काका (ग. वा. जोशी) अंगावर हातमागाची खादी घालून गेले. चाफेकर बंधूंनी मुंबईतल्या तिच्या पुतळ्याला डांबर फासले. आणि २२ जून १८९७ ची रात्र. पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्याने प्लेग अधिकारी रँड आपल्या बग्गीतून परतत होता, तो राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या मेजवानीहून. तो महोत्सव लंडनच्या पुस्तकात व्हिक्टोरियन युगाचा कळस आहे. आपल्या पुस्तकात त्या तारखेपुढे दुसरेच काही लिहिले आहे. 'व्हिक्टोरियन युगाची भरभराट' असा तयार वाक्प्रयोग उचलून मराठीत ठेवला, की हे दुसरे पान आपसूक झाकले जाते. माझा आक्षेप इथे आहे. लॅटिन शब्दाला नाही.

दुसऱ्या एलिझाबेथचा किस्सा तर शाळेत शिकवावा असा. १९५३ मध्ये तिचा राज्याभिषेक झाला आणि त्याच दिवशी एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी लंडनला पोचली. झाले, पत्रकारांनी 'नवे एलिझाबेथन युग' सुरू केले. त्याच वर्षी नाताळच्या भाषणात, ऑकलंडहून, राणीने स्वतःच त्यावर पाणी ओतले. तिच्या म्हणण्याचा सारांश असा, की खरे सांगायचे तर मला माझ्या त्या थोर पूर्वज राणीसारखे मुळीच वाटत नाही. तिला ना नवरा होता ना मुले, ती हुकूमशहासारखी राज्य करी आणि तिला आपल्या देशाचा किनारा सोडून कधी जाता आले नाही. सत्तावीस वर्षांची मुलगी होती ती. संपादकांपेक्षा तिला जास्त कळत होते. शिवाय ती पहिली एलिझाबेथ आपल्याला आठवायची तर नाटकांसाठी आठवत नाही. १६०० सालच्या शेवटच्या दिवशी कंपनीला सनद देणारी म्हणून आठवते.

आता उरले सध्याचे चार्ल्स महाराज. त्यांच्याशी माझे वैर नाही. उलट आपल्या माणसांशी त्यांचे बरे आहे. २००३ मध्ये ते चर्चगेटला डबेवाल्यांना भेटायला आले, तेव्हा भेटीची वेळ डबेवाल्यांनी ठरवली, कारण डबे थांबवता येत नाहीत. युवराज वेळेवर आले. २००५ मध्ये त्यांनी लग्नाचे आमंत्रण पाठवले, दोघे डबेवाले लंडनला जाऊन आले, साडी आणि फेट्याचा आहेर करून आले. ६ मे २०२३ च्या राज्याभिषेकासाठी डबेवाल्यांनी पुणेरी पगडी आणि वारकऱ्यांचे उपरणे घेतले. पगडी त्या डोक्यावर बसली की नाही, देव जाणे. त्यानंतर महिनाभरातच रायगडावर गर्दी लोटली, राज्याभिषेक शक ३५० लागला म्हणून. तारखेने एकदा आणि तिथीने एकदा, आपल्या रीतीप्रमाणे दोनदा. एकाच उन्हाळ्यात एकीकडे नवा राजा, ज्याच्या युगाला नाव शोधणे चालले आहे. आणि दुसरीकडे साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरू केलेला आकडा, जो कुणी दप्तरात वापरत नाही तरी लोक गड चढून मोजतात. तुमच्यापैकी किती जणांनी या दोन बातम्या एका पानावर लावल्या? मी तरी पाहिल्या नाहीत. त्या लावल्या असत्या, आणि मध्ये ऑक्झेंडनचा चौकोन टाकला असता, तर पान काय झाले असते!

तर मागणे असे. राजघराण्याची बातमी आली तर कारकीर्द लिहा, राजवट लिहा, अमदानीही चालेल. युग लिहायचे ते उद्या तिकडची माणसे आपल्या घरांना, खुर्च्यांना, कवितांना आपणहून कॅरोलियन म्हणू लागली तर. तोवर मूळ इंग्रजी लेखात तो शब्द असेल तर अवतरणचिन्हांत ठेवा आणि पुढे कंसात एक ओळ द्या, की याआधीच्या कॅरोलियन राजाने मुंबई दहा पौंडांना भाड्याने दिली होती. जागा नाही असे म्हणू नका, ओळ मी मोजली आहे. एका स्तंभात दोन ओळींत बसते.

आणि इतके सांगूनही छापायचाच असेल, तर निदान एकाच अंकात पहिल्या पानावर 'कॅरोलियन' आणि सातव्यावर 'कॅरोलीयन' असे करू नका. 'लि' ऱ्हस्व.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
गिरगाव (पूर्वीचे ईस्ट ग्रिनिच), मुंबई